दिव्यांग प्रौढांच्या मदतनिसांचे पदनाम ठरवताना या चुका टाळा

जाहिरातीत 'केअरटेकर हवा' एवढेच लिहिले असेल, आणि मुलाखतीला आलेल्यांपैकी एकाने बंद घरांची राखण केल्याचा, दुसऱ्याने रुग्णालयात रात्रपाळी केल्याचा आणि तिसरीने तान्ही मुले सांभाळल्याचा अनुभव सांगितला, तर दोष त्या तिघांचा नाही. त्या एका शब्दात ही तिन्ही कामे मावतात. मावत नाही ते नेमके हवे असलेले काम: एका प्रौढ माणसाला अपंगत्वामुळे ज्या गोष्टी स्वतःच्या हाताने, पायाने, डोळ्यांनी किंवा केवळ स्वतःच्या स्मरणावर विसंबून करता येत नाहीत, त्या त्याच्या मनाप्रमाणे पार पडाव्यात यासाठी पगार घेऊन केलेले साहाय्य. अंथरुणातून उठवणे, आंघोळ, कपडे, व्हीलचेअरवर बसवणे, कामाच्या ठिकाणी सोबत जाणे, टपाल वाचून दाखवणे, महिन्याच्या खर्चाचा हिशेब समजावून सांगणे, अशी ही यादी माणसागणिक बदलते. तिला दिलेले नाव मात्र बहुतेक वेळा घाईत, कानावर पडलेल्या पहिल्या शब्दावरून ठरते.

नावात एवढे काय आहे, असे कुणी विचारील. करारपत्र, विमा, रुग्णालयाचे प्रवेशद्वार, बँकेची खिडकी आणि पुढच्या नोकरीचा अर्ज या ठिकाणी समोरचा माणूस मदतनिसाला ओळखत नसतो. त्याच्यासमोर फक्त कागदावरचे पदनाम असते आणि त्यावरूनच तो मदतनिसाला किती अधिकार आहे, त्याच्याकडून काय अपेक्षा धरायची आणि बोलायचे कुणाशी, हे ठरवतो. त्यामुळे पुढच्या बऱ्याच चुका वरवर भाषेच्या वाटल्या तरी त्यांचे परिणाम रोजच्या जगण्यात दिसतात.

आधी नाव, मग काम

ही सर्वांत साधी आणि सर्वाधिक घडणारी चूक. पदनाम ठरते, माणूस नेमला जातो आणि काम काय करायचे हे तिसऱ्या आठवड्यात भांडणातून कळते. उलट क्रम धरावा. आधी एका कागदावर चोवीस तासांतील प्रत्येक काम क्रियापदात लिहावे: उठवणे, वळवणे, पुसणे, वाचणे, आठवण करून देणे, वाट पाहणे. ('वाट पाहणे' हे काम लोक हमखास विसरतात, आणि त्या वेळेचा पगार देण्यावरूनच पुढे वाद होतो.) मग प्रत्येक कामापुढे ते कोण ठरवणार, शरीराला स्पर्श करावा लागतो का, त्याला वैद्यकीय प्रशिक्षण लागते का आणि ते काम त्या व्यक्तीचे आहे की घरातल्या सगळ्यांचे, हे नोंदवावे. एवढे झाल्यावर पदनामाचे पर्याय आपोआप दोन-तीनवर येतात. घरातल्या सहा जणांचे कपडे धुणे यादीत दिसत असेल, तर तुम्हाला घरकामासाठी वेगळा माणूस हवा आहे, आणि मदतनिसाच्या पदनामाखाली ते काम लपवणे दोघांवरही अन्याय करणारे आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००८ च्या व्यवसाय वर्गीकरणातही ही कामे निरनिराळ्या संकेतांकांखाली आहेत: घरी जाऊन वैयक्तिक काळजी घेणारे कामगार ५३२२ मध्ये, आरोग्य संस्थांतील काळजी सहायक ५३२१ मध्ये, सोबती ५१६२ मध्ये आणि घरांतील साफसफाई करणारे ९१११ मध्ये.

यातला 'सोबती' हा शब्द मराठीत अकारण दुर्लक्षित राहिला आहे. ज्या व्यक्तीला आंघोळीला किंवा जेवायला मदत लागत नाही, पण एकट्याने प्रवास करताना गोंधळ उडतो, किंवा फेफरे येण्याची शक्यता असल्यामुळे कुणीतरी जवळ असणे आवश्यक असते, तिच्यासाठी 'सोबती' हे पदनाम 'अटेंडंट'पेक्षा कितीतरी नेमके आहे.

घरचे आणि पगारी यांना एकच शब्द

'केअरगिव्हर' किंवा 'काळजीवाहक' हा शब्द आईला, पत्नीला, भावाला आणि पगारी मदतनिसालाही लावला जातो. बोलताना ते खपते. कागदावर मात्र त्याने घोटाळा होतो. या शब्दाचा अर्थ कायद्यागणिक बदलतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात 'केअरगिव्हर'ची व्याख्या व्यापक आहे: मोबदला घेऊन अथवा न घेता दिव्यांग व्यक्तीची काळजी घेणारी, तिला आधार किंवा साहाय्य देणारी कोणतीही व्यक्ती, आणि त्यात आईवडील व कुटुंबातील इतर सदस्यही येतात. इंग्लंडला लागू असलेल्या २०१४ च्या केअर ॲक्टमध्ये 'केअरर' म्हणजे मुख्यतः विनामोबदला काळजी घेणारा आप्त किंवा मित्र, आणि कराराने हे काम करणारी व्यक्ती सर्वसाधारणपणे त्या व्याख्येबाहेर राहते. ऑस्ट्रेलियाच्या २०१० च्या यासंबंधीच्या कायद्याचाही कल असाच आहे. एकाच अर्थाचे भासणारे दोन शब्द, पण एकात पगारी माणूस आत आणि दुसऱ्यात बाहेर.

म्हणून पगारी कामासाठी 'काळजीवाहक' हे पदनाम एकटे वापरू नये. 'पगारी वैयक्तिक मदतनीस' आणि 'कुटुंबातील काळजीवाहक' असा भेद पहिल्या ओळीतच करावा. हा भेद न केल्यास काय होते, याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे 'काळजीवाहकाचे नाव' असा रकाना असलेला अर्ज. तिथे आईचे नाव लिहिले जाते, प्रत्यक्षात रोज दहा तास सोबत असणाऱ्या मदतनिसाचे नाव कुठेच येत नाही, आणि आणीबाणीत दूरध्वनी जातो तो वेगळ्या घरात राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या आईला. याच्या उलटही घडते: पत्नीला 'काळजीवाहक' म्हणून नोंदवले की तिच्याकडून रात्रंदिवसाच्या सेवेची अपेक्षा गृहीत धरली जाते, आणि पगारी मदतीची गरज कागदावरून नाहीशी होते.

'केअरटेकर'बद्दल वेगळे सांगायला हवे. हा शब्द मूळचा इमारतीची, मालमत्तेची देखरेख करणाऱ्याचा आहे. माणसाला तो लावला की माणूसही राखण्याची वस्तू होतो. तो टाळलेलाच बरा.

नर्स नसलेल्याला नर्स म्हणणे

गणवेश घातलेल्या, रक्तदाब मोजता येणाऱ्या प्रत्येकीला 'सिस्टर' म्हणण्याची सवय सर्वत्र आहे. परिचारिका हे नोंदणीकृत व्यवसायाचे नाव आहे. तिचे शिक्षण, परीक्षा आणि नोंदणी ठरलेली असते. ज्याच्याकडे ती नोंदणी नाही त्याला परिचारक म्हटले, की कुटुंबाच्या अपेक्षा हळूहळू सरकू लागतात. सुरुवात गोळ्यांच्या डबीची आठवण करून देण्यापासून होते, पुढे आज गोळी एक द्यावी की दोन हे 'तूच बघ' असे होते, आणि एके दिवशी इन्सुलिनची मात्रा किंवा जखमेची मलमपट्टी त्याच्या अंगावर येते.

सीमारेषा कामातच शोधावी. लघवीची पिशवी रिकामी करणे हे सरावाने शिकता येणारे वैयक्तिक काळजीचे काम आहे. कॅथेटर बसवणे किंवा बदलणे हे वैद्यकीय काम आहे. डॉक्टरांनी ठरवलेली आणि आधीच वाटून ठेवलेली गोळी हातात देणे वेगळे, मात्रा ठरवणे वेगळे. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस ठरावीक वेळाने बदलणे मदतनिसाने केलेच पाहिजे. दाबामुळे झालेली जखम कितपत खोल गेली आहे हे सांगणे त्याचे काम नाही, मात्र त्वचा लाल झालेली दिसताच ती कळवणे आहे. श्वासनलिकेतील नळीतून स्राव ओढून घेण्यासारखी कामे काही देशांत परिचारिकेने रीतसर शिकवून, लेखी सोपवून मदतनिसाकडून करवून घेतली जातात. अशा वेळी पदनाम 'मदतनीस'च ठेवावे आणि सोपवलेल्या कामाची, शिकवणाऱ्याची व तारखेची नोंद जोडावी. नोंद असली म्हणजे नाव फुगवावे लागत नाही.

या चुकीला दुसरीही बाजू आहे, आणि माझ्या मते ती अधिक खोल आहे. 'नर्स' म्हटले की ज्याची सेवा होते तो 'पेशंट' होतो. बत्तीस वर्षांची, नोकरी करणारी, मणक्याच्या इजेमुळे व्हीलचेअर वापरणारी स्त्री आजारी नसते. तिला सकाळी तयार होण्यासाठी दोन हात कमी पडत असतात. परिचारिका नेमली तर घराचे वेळापत्रक हळूहळू वॉर्डसारखे होते: सहाला स्पंज, आठला न्याहारी, दहाला झोप, मग त्या स्त्रीला दहा वाजता चित्रपट पाहायचा असला तरी.

'वैयक्तिक सहायक' म्हणायचे आणि निर्णय दुसऱ्याने घ्यायचे

या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा, त्यामुळे इथे थोडे थांबावे लागेल.

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारात (तो डिसेंबर २००६ मध्ये स्वीकारला गेला आणि मे २००८ पासून अमलात आला) कलम १९ हे स्वतंत्रपणे जगण्याच्या आणि समाजाचा भाग असण्याच्या हक्काचे आहे, आणि त्यात 'वैयक्तिक साहाय्य' या सेवेचा नाव घेऊन उल्लेख आहे. त्या कलमावर संबंधित समितीने २०१७ मध्ये दिलेल्या पाचव्या सर्वसाधारण टिप्पणीत हे वैयक्तिक साहाय्य कशाला म्हणायचे ते सांगितले आहे. निधी त्या व्यक्तीच्या स्वतःच्या गरजेवरून ठरलेला असावा, सेवेवर नियंत्रण त्या व्यक्तीचे असावे, साहाय्य एकास एक अशा नात्याचे असावे आणि सेवेचे व्यवस्थापन किती स्वतःकडे ठेवायचे हेही तिनेच ठरवावे. मदतनीस कोण असेल, तो काय शिकेल, कधी येईल, हे ज्याला मदत हवी तो ठरवतो. सांगणाऱ्याला मनातले सांगण्यासाठी आधार लागत असेल, तर तो आधार द्यायचा. सांगण्याचा हक्क काढून घ्यायचा नाही.

स्कँडिनेव्हियात हे तत्त्व थेट नावातच घातले आहे. नॉर्वेतील सेवेच्या नावाचा अर्थ 'वापरणाऱ्याने चालवलेले वैयक्तिक साहाय्य' असा होतो, आणि जास्त तासांची मदत लागणाऱ्यांसाठी १ जानेवारी २०१५ पासून तो कायदेशीर हक्क आहे. डेन्मार्कमध्ये त्याच जागी 'नागरिकाने चालवलेले' असा शब्द आहे. स्वीडनमध्ये १९९४ पासून वैयक्तिक साहाय्य कायद्याने मिळते. ब्रिटनमध्ये १९९६ च्या कायद्याने सेवेऐवजी थेट पैसे देण्याची वाट मोकळी झाली आणि त्या पैशातून दिव्यांग व्यक्ती स्वतः 'पर्सनल असिस्टंट' नेमू लागल्या.

आता चूक कुठे होते ते पाहू. एखादी संस्था हे आधुनिक नाव उचलते, ओळखपत्रांवर 'वैयक्तिक सहायक' छापते, आणि पाळ्या मात्र संस्थेचा पर्यवेक्षक ठरवतो, एका सहायकाकडे पाच माणसे असतात, सुटीचा दिवस व्यक्तीला विचारल्याशिवाय बदलतो. हे वैयक्तिक साहाय्य नव्हे. ते निवासी सेवेचे काम आहे, त्यातही कमीपणा काहीच नाही, पण त्याला 'निवास मदतनीस' किंवा 'गट मदतनीस' असे खरे नाव द्यावे. खोटे नाव दिले की तक्रार करण्याची जागाच संपते, कारण कागदावर नियंत्रण आधीच त्या व्यक्तीला देऊन टाकलेले असते.

याच्या उलट उदाहरणही इतिहासात आहे. अमेरिकेत बर्कले येथे १९७२ मध्ये दिव्यांग व्यक्तींनीच उभारलेल्या स्वतंत्र जीवन केंद्रातून जे मदतनीस मिळत, त्यांना तेव्हा साधे 'अटेंडंट' म्हणत. शब्द जुना, थोडा नोकरशाही वळणाचा. पण मदतनीस निवडणे, शिकवणे आणि पटले नाही तर काढून टाकणे हे तिन्ही अधिकार ज्याला मदत हवी त्याच्याकडे होते. तेव्हा केवळ 'अटेंडंट' लिहिले म्हणून कुणाला जुनाट ठरवू नये; अधिकार कुणाकडे आहेत ते आधी विचारावे.

मराठीत या पदनामाची आणखी एक अडचण आहे. 'स्वीय सहायक' म्हटले की मंत्र्याचा किंवा अधिकाऱ्याचा भेटीगाठी ठरवणारा माणूस डोळ्यांसमोर येतो, 'पीए' म्हटले तरी तोच. 'सहायक' शब्दाला कार्यालयीन भाषेत दुय्यम अधिकाऱ्याचा अर्थ आहे: सहायक आयुक्त, सहायक अभियंता. त्यामुळे 'वैयक्तिक सहायक' अशी जाहिरात दिली तर टंकलेखनाचे प्रमाणपत्र जोडलेले अर्ज येतात. 'वैयक्तिक मदतनीस' हा शब्द मला अधिक बरा वाटतो. तो स्त्री आणि पुरुष दोघांनाही चालतो आणि त्यात मदत हा शब्द उघड आहे. 'सहायक'च हवा असेल तर पुढे कामाची एक ओळ जोडावी: 'वैयक्तिक सहायक, दैनंदिन जीवनातील शारीरिक साहाय्यासाठी'. आणि ओघात सांगायचे तर 'सहाय्यक' हे सर्रास दिसणारे रूप चुकीचे आहे. 'साहाय्य' आणि 'सहायक' असे लिहावे, निदान छापील ओळखपत्रावर तरी.

प्रौढाला लहान करणारी नावे

'सांभाळणारी बाई', 'आया', 'मुलांचे काका' ही नावे बौद्धिक अपंगत्व असलेल्या चाळीस वर्षांच्या माणसाच्या बाबतीतही वापरली जातात. सांभाळायचे असते ते मूल. ज्याच्या मदतनिसाला 'आया' म्हणतात, त्याच्याशी बँकेतला कर्मचारी, डॉक्टर, दुकानदार सगळेच मुलाशी बोलावे तसे बोलतात, किंवा त्याच्याशी बोलतच नाहीत आणि सोबत आलेल्या माणसाकडे पाहून 'यांना काय होतंय?' असे विचारतात. निदानावरून केलेली पदनामेही अशीच: 'मनोरुग्णांचा सेवक' किंवा 'गतिमंदांची मदतनीस' असे ओळखपत्र गळ्यात घालून कुणी सोबत चालू लागले, तर शेजारच्या माणसाचे निदान रस्त्यावरच्या प्रत्येकाला कळते. पदनामात मदतीचे स्वरूप असावे, आजाराचे नाव नसावे.

ताई, दादा, मावशी, काका ही संबोधने वेगळी. बोलताना मदतनिसाला मावशी म्हणणे आपल्याकडे आदराचे आहे आणि ते दोघांनाही आवडत असेल तर त्यात काही गैर नाही. मात्र करारात, हजेरीत आणि पगाराच्या पावतीवर 'मावशी' लिहिणे म्हणजे नोकरीला नात्याचे रूप देणे होय. नात्याला जादा तासांचा मोबदला मागता येत नाही, आणि तक्रारही करता येत नाही.

सर्वांत गंभीर चूक 'पालक' या शब्दाची आहे. शाळेचे अर्ज जसेच्या तसे उचलून प्रौढांसाठी वापरले जातात आणि 'पालकाची सही' या रकान्यात मदतनीस सही करतो. प्रौढ व्यक्तीचा पालक ही कायदेशीर नेमणूक असते, ती कुणी आपोआप होत नाही, आईवडीलही नाहीत. वर उल्लेख केलेल्या कराराचे कलम १२ दिव्यांग व्यक्तींची कायदेशीर क्षमता इतरांच्या बरोबरीने मान्य करते आणि ती वापरण्यासाठी आधार द्यावा असे सांगते. मदतनीस फार तर फॉर्म वाचून दाखवू शकतो, हात धरून सही करायला मदत करू शकतो, अंगठा उमटताना साक्षीदार होऊ शकतो (तिथेही हितसंबंध नाही ना, हे पाहावे). त्याने स्वतःच्या नावाने संमती देऊ नये. रकाना 'पालक' असाच छापलेला असेल, तर तो खोडून 'सोबत आलेली व्यक्ती व तिचे काम' असे लिहावे आणि सही त्या प्रौढ व्यक्तीचीच घ्यावी. खिडकीवरचा माणूस कुरकुर करील. करू द्यावी.

परभाषेतले पदनाम शब्दशः उचलणे

अमेरिकेत 'डायरेक्ट सपोर्ट प्रोफेशनल' हे पदनाम विकासात्मक (म्हणजे जन्मापासून किंवा बालपणी उद्भवणाऱ्या) अपंगत्वाच्या क्षेत्रात रूढ आहे. त्याचे 'थेट आधार व्यावसायिक' असे भाषांतर वाचून कुणालाही तो माणूस नेमके काय करतो हे कळणार नाही. 'व्यावसायिक' म्हटल्यावर तर दुकानदार आठवतो. शिवाय खुद्द अमेरिकेच्या २०१८ च्या व्यवसाय वर्गीकरणात या पदनामाला स्वतंत्र संकेतांक नाही. तिथे गृह आरोग्य मदतनीस आणि वैयक्तिक काळजी मदतनीस असे दोन जवळचे प्रकार आहेत. तेव्हा मूळ नावाचा दबदबा पाहून ते उचलण्यात फारसा अर्थ नाही.

'सपोर्ट वर्कर'चे 'आधार कार्यकर्ता' करणेही तितकेच फसवे. मराठीत कार्यकर्ता पक्षाचा, संघटनेचा, चळवळीचा असतो आणि बहुधा विनावेतन राबतो. पगारी माणसासाठी 'आधार कर्मचारी' म्हणावे. जर्मन भाषेतला 'बेट्रॉयर' हा तर सापळाच आहे. संस्थांमध्ये मदत करणाऱ्यालाही तो शब्द लावतात, आणि १९९२ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार न्यायालयाने नेमलेल्या कायदेशीर प्रतिनिधीलाही तोच शब्द आहे. संदर्भ न पाहता अनुवाद केला, तर आंघोळीला मदत करणारा माणूस कागदावर मालमत्तेचे व्यवहार पाहणारा होऊन बसतो. फ्रान्समध्ये 'सामाजिक जीवन सहायक' ही जुनी पदविका २०१६ मध्ये दुसऱ्या एका पदविकेबरोबर विलीन होऊन तिथल्या नव्या पदनामात 'सोबत करणारा' या अर्थाचा शब्द आला. म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वीचे फ्रेंच प्रमाणपत्र आणि आजचे प्रमाणपत्र यांवरची नावे जुळली नाहीत, तर त्यात संशय घेण्यासारखे काही नाही.

भारदस्त नावाचा मोह

पगार वाढवता येत नसला की नाव वाढवले जाते: 'जीवन समुपदेशक', 'पुनर्वसन तज्ज्ञ', 'काळजी समन्वयक'. यातली काही नावे कायद्याने राखीव असतात. भारतात पुनर्वसन व्यावसायिकांची केंद्रीय नोंदवही १९९२ च्या कायद्याने अस्तित्वात आली आहे आणि तिच्यात नाव नसताना असा व्यवसाय करता येत नाही. जपानमध्ये 'काइगो फुकुशिशी' (प्रमाणित काळजी कर्मचारी) हे पदनाम १९८७ च्या कायद्याने नोंदणीकृत व्यक्तींनाच वापरता येते. काम इतरांनाही करता येते, नाव मात्र लावता येत नाही. समन्वयक हा माणूस सेवा जुळवून देतो, स्वतः आंघोळ घालत नाही. ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय दिव्यांग विमा योजनेत तर ही दोन्ही कामे उघडपणे वेगळी ठेवलेली आहेत. मदतनिसाचा मान वाढवायचा असेल, तर 'वरिष्ठ वैयक्तिक मदतनीस' असे अनुभवावर आधारलेले पद निर्माण करावे, आणि त्यासोबत पगारही वाढवावा.

विशेष कौशल्ये एका नावात कोंबणे

सांकेतिक भाषा दुभाषी, परीक्षेतील लेखनिक, अंध व्यक्तीसाठीचा वाचक, अंधबधिर व्यक्तीच्या तळहातावर अक्षरे उमटवून संवाद घडवणारा संवाद मार्गदर्शक, अस्पष्ट बोलणाऱ्या व्यक्तीचे बोलणे जसेच्या तसे पुन्हा उच्चारणारा वाणी सहायक, ही सगळी वेगळी कामे आहेत. दुभाष्याने तटस्थ राहायचे असते, लेखनिकाने उत्तर सुचवायचे नसते. मदतनिसाला मात्र प्रसंगी सुचवावे लागते. एकाच माणसाकडे दोन भूमिका असतील, तर त्या क्षणी तो कोणत्या भूमिकेत आहे हे मोठ्याने सांगावे आणि करारातही दोन्ही पदनामे लिहावीत.

चुकीचे नाव आधीच रूढ झाले असेल तर

अनेकदा माणूस चांगला असतो, काम चांगले चाललेले असते, फक्त नाव चुकलेले असते. तेव्हा दिसणाऱ्या लक्षणावरून दुरुस्ती करावी.

रुग्णालयाच्या दारावर मदतनिसाला 'नातेवाईक आहात का?' असे विचारून अडवत असतील, तर 'अटेंडंट' हे ओळखपत्र तिथे भेटीच्या वेळेत येणाऱ्या पाहुण्यासारखे वाचले जाते. व्यक्तीच्या सहीचे एक पत्र सोबत ठेवावे: ही माझी वैयक्तिक मदतनीस आहे, मला वळवणे, भरवणे आणि माझे बोलणे समजून सांगणे यासाठी ती चोवीस तास माझ्याजवळ लागते, वैद्यकीय निर्णयांसाठी माझ्याशीच बोलावे. शेवटचे वाक्य वगळू नये.

मदतनीस प्रत्येक गोष्टीला 'घरच्यांना विचारतो' असे म्हणत असेल, तर त्याचे नियोक्ता म्हणून कागदावर कुणाचे नाव आहे ते पाहावे. पुष्कळदा करार भावाच्या नावाने झालेला असतो आणि पदनाम 'भावाकडील सेवक' असेच त्याच्या मनात असते. करार त्या व्यक्तीच्या नावाने नव्याने करावा. तिला स्वतः करार सांभाळणे अवघड असेल तर आधार देणारी व्यक्ती सोबत असावी, पण सूचना कोण देणार या रकान्यात त्या प्रौढ व्यक्तीचेच नाव असावे. सवय एका दिवसात जात नाही. पहिले काही आठवडे कुटुंबीयांनीही 'त्यालाच विचारा' असे उत्तर देण्याचा सराव करावा लागतो, आणि हाच भाग मदतनिसापेक्षा कुटुंबीयांना जड जातो.

मदतनिसाच्या अंगावर संपूर्ण घराचा स्वयंपाक पडला असेल, तर पदनामाआधी 'अमुक व्यक्तीची' असा शब्द आहे का ते तपासावे. 'घरातील मदतनीस' आणि 'त्या व्यक्तीची मदतनीस' यांत फक्त एका विभक्तीचा फरक आहे. वेतन, रजा आणि अपघात विमा मात्र त्या फरकावर अवलंबून असतो, कारण अनेक ठिकाणी घरकामगार आणि काळजी कामगार यांचे नियम वेगळे असतात. पदनाम बदलण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवावे, नाहीतर माणूस उचलताना पाठ धरली तर दावा 'साफसफाई कामगार' या नोंदीवर अडतो.

मदतनीस नोकरी सोडून जात असेल, तर अनुभव प्रमाणपत्रात जुनेच 'केअरटेकर' उतरवू नये. त्याने प्रत्यक्ष केलेले काम लिहावे: किती वर्षे, आठवड्याचे किती तास, व्हीलचेअर आणि माणूस उचलण्याचे यंत्र हाताळण्याचा सराव, कूस बदलणे, नळीने अन्न देण्याचे प्रशिक्षण कुणाकडून घेतले, रात्री एकट्याने जबाबदारी घेतली का. ज्याच्या घरी काम केले त्याचे निदान किंवा खासगी तपशील त्यात येऊ देऊ नये. आणि सही कुटुंबप्रमुखाची न घेता, ज्याला मदत झाली त्या व्यक्तीची घ्यावी, कारण मदतनिसाचे काम कसे होते हे सांगण्याइतकी माहिती त्या घरात दुसऱ्या कुणाजवळही नसते.